गाणारीचं स्टूल

सई आणि नील,

गेल्या रविवारी तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, वरची खोली रंगवून घेणार असशील तर ते दोन जुने स्पीकर आता काढून टाक." मागून सईचा आवाज आला, "टाकायचे नाहीत! डिसेंबरमध्ये आम्ही घेऊन जाणार." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. तुम्ही ते नेणार, उलटेसुलटे करून बघणार, आणि डाव्या स्पीकरच्या पाठीवर तुम्हाला खरवडल्याच्या खुणा दिसणार. नीलला तर नक्की. तो लहानपणापासून प्रत्येक वस्तू आधी मागून बघतो. मग तुम्ही मला विचाराल आणि फोनवर मी काहीतरी सोयीचं सांगून मोकळी होईन. तसं होऊ नये म्हणून आताच, टेबलाशी बसून लिहून ठेवते आहे.

अण्णा तुम्हाला अंधूकच आठवत असतील. वरच्या खोलीतले भाडेकरू. सई पाच वर्षांची असताना त्यांनी तिचं बोट स्पीकरच्या कागदी पडद्यावर अलगद ठेवलं होतं आणि पडदा थरथरल्यावर ती किंचाळून हसली होती. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा अण्णा तिथेच विज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि घाई झाली की दोन्ही एकदम. लग्न केलेलं नव्हतं. तुमचे आजोबा गेल्यावर वरची खोली भाड्याने द्यायचं ठरवलं, तेव्हा ते पाहायला आले. खोली त्यांनी पाहिलीच नाही. मधोमध उभं राहून टाळी वाजवली, मान वाकडी करून ऐकलं, मग चारही कोपऱ्यांत जाऊन एकेक टाळी वाजवली. पाणी किती दिवसांनी येतं, टाकी कधी भरायची, हे मी सांगत होते.

"चालतंय की," ते म्हणाले. "पण भिंतीला चादरी टांगाव्या लागतील."

"आणि पाण्याचं?"

"पाण्याचं काय, ते तर सगळीकडंच न्हाय."

आठवड्याभरात त्या खोलीच्या तीन भिंतींवर सोलापुरी चादरी लटकल्या. समोरच्या भिंतीशी दोन मोठे लाकडी स्पीकर, वयाने माझ्यापेक्षा थोडेच लहान असावेत. आणि दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये एक रिकामं स्टूल. मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा त्यावर बसायला निघाले, तर अण्णा असे ओरडले की माझ्या हातातला चहा सांडला.

"बाई, तितं नका बसू! ती गाणारीची जागा हाय."

मला वाटलं, हा माणूस भ्रमिष्ट आहे आणि आपण त्याला घरात घेतलं आहे. त्यांनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि एक जुनी रेकॉर्ड लावली. डावीकडे सारंगी, उजवीकडे तबला, आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज, खरं सांगते, त्या स्टुलावरून आला. तिथे स्पीकर नव्हता, तार नव्हती, काही नव्हतं. मी उठून स्टुलाखाली वाकून पाहिलं. अण्णांना त्या दिवशी झालेला आनंद मी पुढे फार क्वचित पाहिला.

"दोनी पडदं एकाच टायमाला बाहेर आलं पायजेत," त्यांनी समजावलं. "एक बाहेर आन् एक आत असं झालं, तर गाणारी मधी उभीच राहत न्हाय. कुटं गेली कळत न्हाय. आन् डग्ग्याचा आवाज तर मरतोच. एक ढकलतोय, दुसरा वढतोय. ऱ्हाणार काय?"

हे सगळं मागच्या दोन स्क्रूंवर अवलंबून असतं. कुठल्या तारेला अधिक म्हणायचं आणि कुठल्या तारेला उणे. नव्या स्पीकरवर तसं छापलेलं असतं. जुन्यांवर कधी ठिपका असतो, कधी नसतो, आणि असला तरी अण्णांचा त्यावर विश्वास नसे. काही जुन्या कारखान्यांनी ठिपका उलट्या बाजूला दिला आहे असं ते सांगायचे, आणि ज्याने तो दिला त्याच्याशी त्यांचं जुनं वैर असावं अशा आवाजात सांगायचे.

म्हणून तपासणी. टॉर्चमधला एक मोठा सेल घ्यायचा, त्याला दोन तारा, आणि त्या स्पीकरच्या स्क्रूंना टिचकीएवढा वेळ लावायच्या. पडदा बाहेर आला तर सेलचं अधिक टोक ज्या स्क्रूला लागलं तो अधिक. कोणीही घरी बसून करू शकेल, पाच मिनिटांचं काम. अण्णांकडे त्याला पाऊण तास लागे. हालचाल केसाएवढी असते, म्हणून ते पडद्याच्या मध्यावर कडब्याच्या चिपाडाची एक हलकी काडी टेकवून ठेवत. काडीचं वरचं टोक हललं की डोळ्यांना दिसायचं. आणि नियम असा, की सेल लावणाऱ्याने पडद्याकडे पाहायचं नाही, आणि पडदा पाहणाऱ्याने सेलकडे पाहायचं नाही. अण्णा स्पीकरच्या मागे, मी पुढे. ते मुद्दाम सेल कधी सुलटा, कधी उलटा धरत आणि वहीत गुपचूप लिहीत. मी फक्त म्हणायचं, "आत" किंवा "बाहेर". तीन वेळा जुळलं तरच ठिपका.

"एकट्यानं का नाही करत?" मी विचारलं.

"एकटा मानूस त्याला पायजे तेच बघतोय," अण्णा म्हणाले. "शाळेत तीस वर्सं बघितलं की. पोरं आधी उत्तर लिवत्यात, मग प्रयोग करत्यात."

मला हे फार पटलं. मी आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत; मला कोणी वही तपासायला सांगितली की बरं वाटतं. तेव्हापासून सात-आठ वर्षं मी त्यांची पाहणारी होते. गावोगावचे लोक जुने रेडिओ, जुने स्पीकर घेऊन येत आणि मी स्वयंपाक सोडून वर जाऊन "आत, बाहेर, बाहेर" म्हणत बसे.

ठिपका लाल नेलपॉलिशचा. ते अण्णा स्वतः नव्या पेठेतून आणत. दुकानदाराने एकदा विचारलं, "वैनींना कुठला शेड आवडतो?" अण्णा म्हणाले, "वैनी न्हाय. लाकडी हाय. पन रंग टिकला पायजे." ही गोष्ट त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितली, दुकानदार का हसला हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

हे दोन मोठे स्पीकर त्यांनी नातेपुत्याहून आणले होते, एका बंद पडलेल्या टॉकीजमधून. एकेक करून, एसटीने. टपावर ठेवायला तयार नाहीत. शेजारच्या सीटवर ठेवून हात टाकून बसले. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं काय?"

"तिकीट द्या की."

"फुल का हाफ?"

"पन्नाशी वलांडली हाय त्यानं."

"मग ज्येष्ठ नागरिकाला अजून टाइम हाय," कंडक्टर म्हणाला आणि फुल तिकीट फाडलं.

त्यांच्याबरोबर बाहेर जायची मात्र मला धास्ती वाटे. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका सत्काराला पाहुण्यांचं भाषण सुरू होतं. अण्णा माझ्या शेजारून उठले, स्टेजच्या मागे गेले, आणि आवाज बंद. लोक ओरडायला लागले. मी मान खाली घालून बसले. मिनिटभराने आवाज परत आला आणि पाहुण्यांचा पातळ, पोकळ आवाज एकदम भरदार झाला, ते स्वतःच दचकून थांबले. अण्णा येऊन बसले आणि मोठ्याने म्हणाले, "उलटा हुता."

आता त्या खुणांकडे येते.

एका उन्हाळ्यात, सकाळी मी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. अण्णा जिन्यावरून खाली आले, पायात चप्पल नाही. "बाई, जरा वर या. गाणारी सरकली."

वर गेले. तीच रेकॉर्ड लागली होती. खुर्चीत बसले. बाई स्टुलावर होत्या, नेहमीसारख्या. तसं मी सांगितलं.

"न्हाय," ते म्हणाले. "ती खिडकीपाशी गेलीया. उजवीकडं. डावा उलटा झाला असनार."

आपणहून स्पीकर उलटा कसा होईल, असं मी विचारलं नाही. आम्ही तपासणी केली. डावा: बाहेर. उजवा: बाहेर. दोन्ही बरोबर. अण्णांनी वहीत लिहिलं, पण त्यांचा चेहरा उतरला. दुपारी पुन्हा बोलावलं. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी त्यांनी तारा बदलल्या, सेल बदलला, काडीसुद्धा बदलली. दर वेळी दोन्ही बरोबर निघत, आणि दर वेळी ते आणखी घाबरत. ते काय ऐकायची वाट पाहत होते हे मला तेव्हा कळलं. स्पीकर उलटा असेल तर तार बदलता येते. स्पीकर बरोबर असेल तर मग बिघाड त्यांच्या डाव्या कानात होता.

चौथ्या दिवशी ते जेवले नव्हते. मालनने सांगितलं, ती तेव्हाही आपल्याकडे कामाला होती आणि अण्णांची भाकरी तीच करायची. मी वर गेले तेव्हा ते आधीच स्पीकरच्या मागे जाऊन बसलेले. फक्त त्यांचे गुडघे दिसत होते.

"बाई, शेवटचं एकदा. नीट बघा. घाई नगं."

काडी हलली. बाहेर.

मी म्हणाले, "आत."

मागे वहीत पेन्सिल फिरली. मग पुन्हा टिचकी. काडी आत गेली. मी म्हणाले, "बाहेर." तिसऱ्यांदा बाहेर आली, मी म्हणाले, "आत." तिन्ही वेळा जे दिसलं त्याच्या उलट. मुलांनो, मी खोटंसुद्धा पद्धतशीर बोलले. स्पीकर उलटा असता तर वहीप्रमाणे जे यायला हवं, त्याच्याशी ते अगदी बरोबर जुळलं.

"अय्यो! सापडलं की!" अण्णा मागून उठताना डोकं आपटून घेत बाहेर आले. डोळ्यांत पाणी होतं. लगेच ब्लेडने जुना ठिपका खरवडला, दुसऱ्या स्क्रूवर नवा दिला, तारा बदलल्या, रेकॉर्ड लावली. "आली! आली न्हवं बाई?"

"आली," मी म्हणाले. गाणारी बाई कुठेच नव्हती. आवाज खोलीभर पातळ झाला होता, ताकात पाणी घालावं तसा.

खाली येऊन मी स्वतःला समजावलं, की एका म्हाताऱ्या माणसाला दोन घास गोड लागले तर काय बिघडलं. पहिले दोन दिवस रेकॉर्ड वाजली. मग थांबली. मी खाली कामं करताना छताकडे कान लावून असे. पूर्वी डग्ग्याचा घुमारा माझ्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांपर्यंत यायचा. आता अधूनमधून मिनिटभर काहीतरी चिरकं वाजे आणि बंद होई. मी मनात म्हणे, उद्या सांगू. उद्या आला की वाटे, आता सांगितलं तर आजपर्यंतचं काय सांगू?

अकराव्या दिवशी मालन जिन्यावरून खाली आली, पदराला हात पुसत. "बाई, अण्णांचं काय खरं न्हाय बघा. मला म्हनले, मागं हुबी ऱ्हा आन् बोल. मी म्हनलं काय बोलू, तर म्हनले कायबी बोल. मग घड्याळ काढलं, उजव्या कानाला लावून बसलं. आन् सगळ्या रेकार्डी पुट्ट्यात भरल्यात. म्हनले, शाळंला देऊन टाक."

मी वर गेले. अण्णा पुठ्ठ्याच्या खोक्याला सुतळी बांधत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, उजवा पन चाललाय. डग्गा ऐकू येत न्हाय मला. स्पीकर तर बरोबर हायेत, तुमीच बघितलं. मंजी कानच."

मला बसावंसं वाटलं आणि बसायला फक्त ते स्टूल जवळ होतं. मी उभीच राहिले.

"अण्णा, डग्गा स्पीकरमधूनच येत नाहीये. मलाही ऐकू येत नाही. मी त्या दिवशी उलट सांगितलं."

सुतळी हातातच राहिली. "एकदा?"

"तिन्ही वेळा."

"दिसलं ते उलटं करून?"

"हो."

 मी रागाची वाट पाहत होते. ते उठले, स्पीकरच्या मागे गेले, तारा बदलल्या, खोक्याची सुतळी तोडून रेकॉर्ड काढली. सुई टेकली. डग्गा वाजला आणि जमीन हलली. अण्णांनी खाली बसून फरशीवर तळहात ठेवला. "हाय की! उजवा शाबूत हाय! बाई, उजवा शाबूत हाय!" ते हसत होते, लहान मुलासारखे, आणि मीही हसले.

मग हसता हसता ते थांबले. स्टुलाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"मंजी डावा गेला," ते म्हणाले.

मी तशीच रिक्षा बोलावली. कानाच्या डॉक्टरांनी ड्रॉवरमधून नादकाटा काढला. तसे डझनभर काटे अण्णांनी तीस वर्षं शाळेत पुसून ठेवले होते. त्यांनी तो पाहताच ओळखला. डॉक्टरांनी काटा कोपरावर आपटून अण्णांच्या कपाळाच्या मध्यावर टेकवला. "आवाज कुठे येतोय?"

"उजवीकडं," अण्णा म्हणाले. "मधोमध यायला पायजे हुता."

"कधीपासून?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पंधरा दिस झालं असतील."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. असं अचानक झालं तर पहिल्या दिवसांतच औषध सुरू व्हावं लागतं, मग कान परत येण्याची आशा जास्त, असं ते म्हणाले. गोळ्या दिल्या. मी विचारलं, चार दिवसांनी आलो असतो तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित." मी आजपर्यंत त्या उत्तरापाशीच आहे. पहिले चार दिवस अण्णांचे होते. अकरा माझे.

डावा कान परत आला नाही. अण्णांनी मला त्याबद्दल एक शब्द ऐकवला नाही. चहाला येत राहिले, फक्त माझ्या डाव्या हाताला बसू लागले, म्हणजे त्यांचा उजवा कान माझ्याकडे राही. डाव्या स्पीकरवरचा माझा ठिपका त्यांनी खरवडला आणि पहिल्या जागी परत दिला. पण त्यानंतर कोणी जुना स्पीकर आणला की जिन्यावरून हाक यायची ती "मालन!" अशी. मालन स्पीकरपुढे बसून मोठ्याने "भाईर! आत! भाईर!" ओरडायची आणि मी खाली पोळ्या लाटत ऐकायचे. मला यापेक्षा मोठी शिक्षा कोणी देऊ शकलं नसतं, आणि ती शिक्षा आहे हे त्यांच्या गावीही नसावं. त्यांच्या लेखी तो नियम होता. जो एकदा पाहिजे ते बघतो, त्याला पडद्यापुढे बसवायचं नाही.

पुढच्या वर्षी, दिवाळीच्या आधी, एका दुपारी हाक आली, "बाई!" मी घाबरूनच वर गेले. रेकॉर्ड लागली होती. अण्णा खुर्चीच्या मागे उभे होते.

"बसा. गाणारी कुटं हाय सांगा."

मी बसले. डोळे मिटले. "मधोमध. स्टुलावर."

"खरं?"

"खरं."

"बरं," ते म्हणाले. मग जिन्याकडे तोंड करून ओरडले, "मालन, तू बी ये गं जरा!"

मालन आली, बसली, ओले हात मांडीवर ठेवून ऐकलं आणि बोट दाखवून म्हणाली, "तितं. त्या स्टुलावर की."

"मग हाय," अण्णा म्हणाले. "मला खिडकीकडनं येतंय, पन हाय ती हितंच." आणि रेकॉर्डची दुसरी बाजू लावली.

ते जाऊन आता दोन वर्षं होतील. चादरी विरल्या, त्या मी काढल्या. दोन्ही स्पीकर आहेत, वही आहे, तिच्यात माझ्या खोट्या उत्तरांचं पान आहे. ते अण्णांनी फाडलं नाही, मीही फाडणार नाही. डाव्या स्पीकरच्या एका स्क्रूवर खरवडलेल्या जागी पुन्हा दिलेला ठिपका आहे, दुसऱ्यावर नुसती खरवडल्याची खूण. ती खूण माझी. स्टूल मधोमध आहे. काल सकाळी मी नवा सेल आणला. मी मागे बसले, मालन पुढे. डावा: बाहेर. उजवा: बाहेर. तिन्ही वेळा जुळलं.

— आजी